पुढच्या शॉकअपला कोणत्या स्प्रिंगा घालू? (एक्सपल्स २००, इंदूर)

काळीमाती · ५ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. राहायला सुदामा नगर, इंदूर. मागच्या दिवाळीत हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही मोटारसायकल जुनी घेतली. आधीच्या मालकानं व्यवहाराच्या वेळीच सांगितलं होतं की पुढच्या मूळ स्प्रिंगा काढून त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी घातल्या आहेत. कोणत्या, कुठून आणल्या, हे त्याला आता आठवत नाही.

गाडी दर रविवारी कच्च्यात जाते. सिमरोलच्या पुढे घाट उतरून चोरल नदीच्या काठानं, कधी पातालपाणीहून कालाकुंडच्या बाजूला. तिकडचा काळा दगड ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. नारळाएवढे सुटे गोटे, आणि दोन गोट्यांच्या मध्ये चाक धरून ठेवणारी माती.

त्रास दोन प्रकारचा आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसे होतात हे मला समजत नाही. उतारावर एकामागून एक दगड आले की पुढचं टोक खाली बसत जातं आणि चौथ्या-पाचव्या दगडाला तळाशी ठक्क असा आवाज येतो. म्हणजे शॉकअप मऊ आहे. पण बारीक खडीवर, वेगात, प्रत्येक खडा मनगटात जाणवतो. म्हणजे कडक आहे. मागच्या महिन्यात एका मेकॅनिकनं "तेल जाड टाकू, ठीक होईल" म्हणून २० नंबरचं तेल भरलं. ठक्क आवाज तसाच राहिला आणि हात जास्त दुखायला लागले.

माझं वजन ८४ किलो. हेल्मेट, बूट, आर्मर आणि पाठीवरची पाण्याची पिशवी धरून ९५. आता स्प्रिंगाच बदलायच्या ठरवलंय. कोणत्या घेऊ?

---

चोरलघाट · ५ जुलै, रात्री १०:३५

९५ किलोला जड स्प्रिंगच लागणार भिया, त्यात प्रश्नच नाही. मी म्हणेन प्रोग्रेसिव्ह घे. सुरुवातीला मऊ, पुढे कडक. तुझे दोन्ही त्रास एकात मिटतात. गाडी ओळखीची वाटायला दोन-तीन रविवार लागतील, तेवढा धीर ठेव.

---

महू_रोड · ५ जुलै, रात्री ११:०५

नवीन कशाला घेता? आमच्याकडे दोघांनी आहे त्याच स्प्रिंगा कापल्या. खरादवाल्याकडे गेलं की दहा मिनिटांत चार-पाच वेटोळी कापून देतो, वर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवायचा. कडक होते, खर्च नाही.

---

टूलरूमकाका · ६ जुलै, सकाळी ७:१५

काळीमाती, काही विकत घेऊ नका आणि काही कापूही नका. आधी माप घ्या.

मी पीथमपूरला टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली. प्रेस टूलच्या स्प्रिंगा हा माझा रोजचा विषय होता. तिथे कुणी "स्प्रिंग कडक वाटते" म्हणालं की आम्ही एकच विचारायचो: किती किलोला किती मिलिमीटर? मोटारसायकलच्या स्प्रिंगेलाही दुसरी भाषा नाही. ०.४५ म्हटलं तर याचा अर्थ ती १ मिमी दाबायला ०.४५ किलोचा भार लागतो. पुढे दोन स्प्रिंगा शेजारी-शेजारी काम करतात, म्हणून दोन्हींची बेरीज धरायची. काही विक्रेते न्यूटनमध्ये आकडा देतात, त्याला ९.८१ नं भागलं की किलो मिळतात.

आता मापाची रीत सांगतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकाचा प्रवास, म्हणजे ट्रॅव्हल, १९० मिमी आहे. या १९० मधला किती भाग नुसत्या वजनानं खर्च होतो, ते शोधायचं. याला सॅग म्हणतात.

इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा. धुळीच्या सीलपासून खालच्या टी-प्लेटपर्यंत (दोन्ही नळ्यांना धरणारी आडवी पट्टी) चकचकीत नळी किती दिसते ते मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी चाकांवर उभी करा, कुणाला तरी सरळ धरायला सांगा, पुन्हा मोजा. हा दुसरा. मग संपूर्ण सामानानिशी, बूट-हेल्मेट घालून, फूटपेगवर उभे राहा आणि कुणाकडून तरी मोजून घ्या. हा तिसरा. बसून नको. दगडात तुम्ही बसून चालवत नाही.

दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या. एकदा हँडल खाली दाबून हळू सोडल्यावर, एकदा हँडल वर उचलून हळू सोडल्यावर. सील आणि बुश नळीला धरून ठेवतात, म्हणून दोन्ही आकडे वेगळे येतील. मधला आकडा खरा.

आणि घाई करू नका. पावसाळा आत्ताच लागलाय.

---

काळीमाती · ६ जुलै, रात्री ८:२०

काका, भाऊ आणि शेजारी असे दोन जण हाताशी घेऊन अंगणात मोजलं.

चाक अधांतरी: २१५ मिमी. नुसती गाडी: १७४. मी उभा, पूर्ण सामानासह: एकदा १२८, एकदा १३८, मधला १३३.

म्हणजे नुसत्या गाडीचा सॅग ४१ आणि माझ्यासकट ८२. बरोबर ना?

---

टूलरूमकाका · ६ जुलै, रात्री ९:४०

बरोबर. आणि १२८ विरुद्ध १३८ हेसुद्धा लिहिलंत हे फार बरं केलंत. १० मिमीचा फरक जास्त आहे. दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर नसतील तर सील-बुश घासतात आणि बारीक खडे हातात येतात. एक्सलचा नट आणि खालच्या टी-चे बोल्ट सैल करा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप सात-आठ वेळा दाबा, मग खालून वर क्रमानं कसा. बोल्ट कसताना पुस्तकातला टॉर्क पाळा. एवढ्यानंच तुमच्या मनगटाचा थोडा त्रास जाईल.

आता हिशेब. कच्च्या वाटेसाठी स्वारासकट सॅग ट्रॅव्हलच्या २५ ते ३० टक्के असावा. १९० मध्ये तो ४८ ते ५७ होतो. तुमचा ८२ आहे, म्हणजे ४३ टक्के. दगड येण्याआधीच जवळजवळ अर्धा शॉकअप संपलेला असतो. नुसत्या गाडीचा १० ते १५ टक्के हवा, म्हणजे १९ ते २८. तुमचा ४१.

या दोन आकड्यांतला फरक नीट बघा. ८२ वजा ४१, म्हणजे ४१. हा फरक फक्त तुमच्या अंगाचा आहे. फूटपेगवर उभं राहिल्यावर तुमच्या ९५ किलोंपैकी अंदाजे ४० पुढच्या चाकावर येतात. शॉकअप तिरका असल्यानं नळीच्या दिशेनं त्यातले ३६ धरा. ३६ किलोला ४१ मिमी, म्हणजे दोन्ही मिळून ०.८८. एका स्प्रिंगेला ०.४४.

पुढचं चाक वजनकाट्यावर ठेवून हे पक्कं करता येईल, पण मला वाटतं आकडा याच्या आसपासच निघेल.

---

रेवाकाठ · ६ जुलै, रात्री १०:१०

काका, तुमचं वाचून मीही आज मोजलं. मी बडवाहची, नोकरीसाठी इंदूरला असते. गाडी तीच, एक्सपल्स २००. मीही जुनीच घेतली, आणि माझ्या गाडीत आधीच्या मालकानं "हार्ड किट" म्हणून जड स्प्रिंगा टाकल्या होत्या. माझं वजन सामानासकट ६३.

माझा त्रास अगदी उलटा आहे. वळणावर पुढचं चाक सरकतं. खडीवर वाकवायला गेलं की टायर जमिनीला धरतच नाही असं वाटतं. दोनदा पडले, दोन्ही वेळा हळू वेगात आणि दोन्ही वेळा पुढचं चाक गेलं. टायर बदलला, हवा कमी केली, फरक पडला नाही. सगळे म्हणाले, सवय होईल.

सुरुवातीला मोजलं तर नुसती गाडी १७ आणि माझ्यासकट ३३. म्हणून वरचा स्पेसर, म्हणजे स्प्रिंगेवरचा पाइपचा तुकडा, काढून प्रीलोड जवळजवळ शून्य केला. आता माझ्यासकट ५३ येतो, म्हणजे तुमच्या हिशेबात अगदी बरोबर. पण नुसत्या गाडीचा सॅग ३७ आहे. तो जास्त आहे म्हणजे माझ्या स्प्रिंगा मऊ समजायच्या का? मग हार्ड किट कसं?

---

टूलरूमकाका · ७ जुलै, सकाळी ६:५०

रेवाकाठ, हा प्रश्न विचारलात याचा मला खरा आनंद झाला. इथे भलेभले उलटं समजतात, आणि उलटं समजून पैसे खर्च करतात.

स्वारासकट सॅग बरोबर आणि नुसत्या गाडीचा सॅग जास्त, याचा अर्थ स्प्रिंग कडक आहे. मऊ नाही.

असं बघा. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग बसवतानाच ती थोडी दाबून ठेवणं. त्यानं स्प्रिंगेचा कडकपणा तिळभरही बदलत नाही. प्रीलोड फक्त शॉकअपची उंची सरकवतो, दोन्ही सॅग सारख्याच मापानं वर-खाली करतो. तुमच्याकडेच पाहा ना: आधी १७ आणि ३३, फरक १६. नंतर ३७ आणि ५३, फरक पुन्हा १६. प्रीलोड वीस मिमी बदलला, फरक जागचा हलला नाही. कारण तो फरक स्प्रिंगेचा आहे.

जड स्प्रिंग तुमच्या अंगाखाली फारशी बसत नाही. म्हणून योग्य सॅग गाठायला तुम्हाला प्रीलोड काढून घ्यावा लागला, आणि प्रीलोड काढल्यावर नुसती गाडी आपल्याच वजनानं जास्त बसायला लागली. मऊ स्प्रिंगेचं याच्या उलट असतं. ती स्वाराखाली फार बसते, म्हणून तिला खूप प्रीलोड देऊन उचलावं लागतं, आणि मग नुसत्या गाडीचा सॅग जवळजवळ उरत नाही. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा राहत नाही, आणि दगडावरून सुटताना शॉकअप वर खटकन आपटतो.

तुमच्या ६३ किलोंपैकी नळीच्या दिशेनं साधारण साडेतेवीस पुढे येतात. भागिले १६. दोन्ही मिळून १.४७, एकेक ०.७३. तुमच्या वजनाला हे फारच जड आहे. चाक दगडावरून उडतं आणि वेळेत खाली येत नाही. तुम्ही पडलात यात तुमच्या हातांचा दोष नव्हता.

---

रेवाकाठ · ७ जुलै, सकाळी ९:२५

काका, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. धन्यवाद.

---

महू_रोड · ७ जुलै, दुपारी १:३०

काका, कापण्याबद्दल तुम्ही नको म्हणालात, पण कारण दिलं नाहीत. आमच्या दोघांचं तर चाललंय. समजून घ्यायचं आहे.

---

टूलरूमकाका · ७ जुलै, रात्री ८:४५

विचारलंत ते चांगलं केलंत, सविस्तर सांगतो.

स्प्रिंगेचा कडकपणा तीन गोष्टी ठरवतात. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. वेटोळी कमी केली की त्याच प्रमाणात कडकपणा वाढतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ४० वेटोळ्यांची स्प्रिंग, तीन कापली, ३७ उरली, तर कडकपणा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. ०.४४ ची ०.४७५ झाली. एवढं हातालाही नीट कळत नाही.

काळीमातींना ०.४४ वरून निदान ०.५५ हवी. पंचवीस टक्के वाढ. त्यासाठी ४० मधली ८ वेटोळी कापावी लागतील. आता समजा स्प्रिंग ४०० मिमी लांब आणि तार ४.२ मिमी जाड आहे. पूर्ण दाबल्यावर, वेटोळ्याला वेटोळं टेकल्यावर, तिची उंची ४० गुणिले ४.२ म्हणजे १६८. दबायला जागा २३२. प्रीलोड २० आणि ट्रॅव्हल १९०, एकूण २१० लागतात. जागा पुरली. आठ कापल्यावर लांबी ३२०, टेकल्यावर १३४, जागा उरली १८६. पण लागतात तर २१०! म्हणजे शॉकअप तळाला पोहोचायच्या २४ मिमी आधीच वेटोळी एकमेकांवर आपटणार. लोखंडावर लोखंड. तो धक्का वरच्या बोल्टला आणि टी-प्लेटला जातो. वर पाइपचा तुकडा बसवल्यानं ही जागा परत येत नाही, कारण पाइप दबत नाही.

शिवाय कापलेलं टोक तिरकं राहतं. ते तापवून, बसवून, घासून सपाट करावं लागतं. नाहीतर ते नळीच्या आतल्या भिंतीला खरवडतं, तेलात लोखंडाची भुकटी होते आणि सील जातं. तुमच्या मित्रांनी तेल काढून पांढऱ्या कपड्यावर गाळून बघावं.

म्हणून कडकपणा वाढवायचा तर तार जाड करायची. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ४.२ ची ४.४ केली, नुसते दोन दशांश मिमी, तर वीस टक्के वाढ! टूलरूममध्ये नव्या पोरांना हे सांगितलं की ते कॅलिपर घेऊन पुन्हा मोजायला जायचे. व्यासाचं उलटं आहे. वेटोळं जेवढं रुंद, तेवढी स्प्रिंग मऊ, आणि तेही तिसऱ्या घातानं. पण नळीच्या आत जागा ठरलेली, त्यामुळे व्यासाशी फार खेळता येत नाही. उरते तार.

---

महू_रोड · ७ जुलै, रात्री ९:१०

दोघांना फोन केला. रविवारी दोन्ही गाड्या उघडतोय. कपड्याचा फोटो टाकतो.

---

फोर्कतेल · ८ जुलै, सकाळी १०:५५

मी लोकमान्य नगरात छोटं गॅरेज चालवतो, शॉकअपचीच कामं जास्त. स्प्रिंगेचं काकांनी सांगितलं, तेलाचं मी सांगतो. काळीमातींचा अर्धा त्रास तेलाचा आहे.

या गाडीचा पुढचा शॉकअप ३७ मिमीचा, साध्या डॅम्पर रॉडचा. आत एक भोकं असलेली नळी असते आणि तेल त्या भोकांतून ये-जा करतं. हळू दाबलं तर तेल आरामात जातं. झटक्यात दाबलं, म्हणजे टोकदार दगड लागला, तर तेवढं तेल त्या भोकातून जायला बघतं आणि अडतं. वेग दुप्पट झाला की अडथळा जवळजवळ चौपट होतो. २० नंबरचं तेल टाकलं की टोकदार दगडाला शॉकअप जणू गोठतो. म्हणून मनगटं दुखतात.

आणि तेच जाड तेल शॉकअपला परत वर यायलाही उशीर लावतं. पहिल्या दगडाला बसला, पुरता वर येण्याआधी दुसरा दगड. आणखी बसला. तिसरा, चौथा, ठक्क. म्हणून जाड तेलानं ठक्क थांबत नाही, उलट लवकर येतो. एकाच वेळी कडक आणि मऊ का वाटतं, त्याचं उत्तर हे.

तेलाच्या डब्यावरच्या नंबरावर फार विसंबू नका. एका कंपनीचं १० आणि दुसरीचं १० यांत बराच फरक असतो. डब्यामागे किंवा माहितीपत्रकात ४० अंशांवरच्या चिकटपणाचा (व्हिस्कॉसिटीचा) आकडा दिलेला असतो, सेंटिस्टोकमध्ये. तो जुळवा.

तळाशी आपटणं थांबवायला खरं साधन म्हणजे तेलाची पातळी. नळीत तेलाच्या वर जी हवा असते तीही स्प्रिंगच आहे. शॉकअप सुरुवातीला दबतो तेव्हा ती हवा काही करत नाही, शेवटच्या तिसऱ्या हिस्स्यात एकदम अडवते. पातळी दहा मिमीनं वर आणली तरी शेवटाला फरक कळतो. स्प्रिंग बाहेर काढून, शॉकअप पूर्ण खाली बसवून, वरच्या कडेपासून तेलापर्यंत मोजायची. किती मिली ओतलं यावर जाऊ नका, कारण जुनं तेल पूर्ण निघत नाही.

चोरलघाट, प्रोग्रेसिव्हबद्दल माझं मत वेगळं आहे. तिची मऊ वेटोळी तुमच्या वजनानंच मिटून जातात. मग तुम्ही चालवता तो भाग कडकच असतो, आणि मऊपणातून कडकपणात जाण्याची जागा नेमकी दगडाच्या मध्यावर येते. डांबरी रस्ता जास्त आणि कच्चा कमी असेल तर ठीक. चोरलच्या दगडात सरळ, एकसारखी स्प्रिंग बरी, आणि शेवटचा आधार हवेला देऊ द्या.

---

चोरलघाट · ८ जुलै, रात्री ९:००

माझी गाडी आठवड्यात पाच दिवस ऑफिसला जाते, त्यामुळे मला प्रोग्रेसिव्ह आवडली असेल. तुझं बरोबर आहे. काळीमाती, माझा सल्ला मागे घेतो.

---

काळीमाती · ९ जुलै, रात्री १०:४०

आज फोर्कतेल दादांच्या गॅरेजमध्ये दोन्ही नळ्या उघडल्या. डावीकडे तेलाची पातळी ९५ मिमी, उजवीकडे १३०. दोन्हीकडे सारखी असायला हवी होती. तेल काळं झालं होतं.

स्प्रिंगा काढून मोजल्या. खाली घरचा वजनकाटा, वर ड्रिल मशीनचा हँडल, मध्ये स्प्रिंग आणि तिच्या आत सरळ राहावी म्हणून एक सळई. २० मिमी दाबल्यावर ८.८ किलो, ५० ला २२, ८० ला ३५.२. प्रत्येक मिमीला सारखाच, ०.४४. दुसरी स्प्रिंगही तशीच. काका, तुम्ही अंगणातल्या तीन मापांवरून सांगितलेला आकडा काट्यानं तंतोतंत दाखवला. आम्ही दोघं बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिलो.

आता किती घ्यायची?

---

टूलरूमकाका · १० जुलै, सकाळी ७:०५

नुसती गाडी नळीच्या दिशेनं सुमारे ५४ किलो देते (चाक आणि खालचा भाग सोडून), तुम्ही ३६. एकूण ९०. २० मिमी प्रीलोड ठेवून एकेक ०.५८ घेतली तर स्वारासकट ५७-५८ आणि नुसती गाडी २६-२७. दोन्ही मापं जवळपास पट्ट्यात बसतात. ०.५५ घेऊन प्रीलोड २५ केला तर ५७ आणि २४. हेही बसतं. तुम्ही उड्या मारत नाही, दगडातून हळू जाता. मी ०.५५ घेईन. पुढे वजन वाढलं तर थोडा प्रीलोड शिल्लक राहील.

---

नवी_हिमालयन · १० जुलै, दुपारी १२:१५

मध्येच विचारतो. माझी हिमालयन ४५०, पुढे ४३ मिमीचा उलटा शॉकअप, ट्रॅव्हल २००. ही रीत चालेल का? आणि लडाखला पेट्या लावून जायचंय, त्यासाठी पुढे जड स्प्रिंग घालू का?

---

फोर्कतेल · १० जुलै, दुपारी २:४०

रीत तीच, तुमचे तीस टक्के म्हणजे ६० मिमी. पेट्यांसाठी पुढे हात लावू नका. मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं टोक उलट हलकं होतं. मागचा प्रीलोड वाढवा, मग पुढचा सॅग पुन्हा मोजा.

---

रेवाकाठ · १० जुलै, रात्री ९:३०

एक कल्पना सुचली, चुकीची असेल तर सांगा. माझ्या स्प्रिंगा ०.७३, काळीमातींच्या ०.४४. गाडी एकच, नळी एकच, लांबीही मी मोजली, दोन मिमीचा फरक. आम्ही एकेक स्प्रिंग अदलाबदल केली तर? दोघांच्याही गाडीत एक जड, एक हलकी. बेरीज १.१७. काका म्हणाले ना, दोन्हींची बेरीजच धरायची.

---

टूलरूमकाका · १० जुलै, रात्री १०:२०

कल्पना चुकीची नाही. एकाच नळीत स्प्रिंग असलेले शॉकअप मोटोक्रॉसच्या गाड्यांत असतात, शोवा कंपनीनं तसे बनवले आहेत. ०.४६ आणि ०.४८ अशा थोड्या फरकाच्या स्प्रिंगा जोडून मधला आकडा काढणं तर सर्रास चालतं. पण ते शॉकअप बरेच जाड असतात. तुमचा ३७ मिमीचा आहे, आणि तुमच्या स्प्रिंगांत फरक खूप आहे. एक नळी जास्त ढकलेल, एक्सल पिळला जाईल.

म्हणून फक्त चाचणीसाठी. एक सकाळ, हळू वेग, एकही उडी नाही. काळीमातींना १.१७ कशी लागते ते पैसे देण्याआधी कळेल. तेल पुस्तकात सांगितलेलंच, दोन्हीकडे पातळी एक. फोर्कतेल बरोबर जात असतील तरच जा.

---

फोर्कतेल · १० जुलै, रात्री १०:४५

जातो. हत्यारांची पिशवी घेऊन. वरची टोपी उघडताना आधी गाडी जॅकवर, हे मी बघेन. स्प्रिंग दाबलेली असते, टोपी तोंडावर येते.

---

काळीमाती · १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

आलो. सकाळी साडेपाचला राजेंद्र नगरहून निघालो, पोहे-जलेबी सिमरोलच्या आधीच उरकली. रात्री पाऊस झाला होता, शेतातली काळी माती चाकाला गोळे करून चिकटत होती, म्हणून सरळ नदीकाठच्या दगडांवर गेलो.

तो उतार आहे ना, जिथे सलग दहा-बारा पायऱ्यांसारखे दगड आहेत? मी तिथे नेहमी चौथ्याला दात आवळतो. आज चौथा गेला, पाचवा गेला, ठक्क आलाच नाही. खाली पोहोचून थांबलो आणि केबल टाय बघितला. नळीवर बांधला होता, शॉकअप कुठवर बसतो ते दिसावं म्हणून. तळापासून २२ मिमी वर होता. पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरलो. २५.

बारीक खडीवर हात आता दुखत नाहीत. त्याचं श्रेय जास्त तेलाला असावं, आणि नळ्या सरळ केल्यालाही. दाबून आणि उचलून येणाऱ्या मापांतला फरक १० वरून ४ वर आलाय.

एक गोष्ट मात्र जाणवली. सरळ ब्रेक धरला की हँडल किंचित डावीकडे ओढल्यासारखं वाटायचं. काका म्हणाले तो पीळ असेल. घरी आल्याबरोबर वेगळ्या करून ठेवल्या.

०.५५ ची जोडी सांगून टाकली आहे.

---

रेवाकाठ · १३ जुलै, रात्री ८:१५

माझंही लिहिते. प्रीलोड १२ ठेवला होता, सॅग ५४ आणि ३४ आला. कालाकुंडच्या आधीचं ते डावं वळण, खडीचं, जिथे मी दुसऱ्यांदा पडले होते. आज चार वेळा घेतलं. पहिल्यांदा पाय बाहेर काढून, चौथ्यांदा उभं राहून. चाक जमिनीवर आहे हे हाताला कळत होतं. इतके महिने मी ज्याला माझी भीती समजत होते, त्यातली बरीचशी त्या दोन स्प्रिंगा होत्या.

---

महू_रोड · १३ जुलै, रात्री ९:५०

दोन्ही गाड्या उघडल्या. एकीचं तेल गाळल्यावर कपड्यावर चंदेरी भुकटी आली, स्प्रिंगेच्या कापलेल्या टोकाला चकाकी आलीय आणि नळीत आतून दोन उभे ओरखडे आहेत. दुसरीचं अजून ठीक आहे. दोघांनीही सॅग मोजायला घेतलाय. काका, रविवारी आकडे टाकतो, बघाल का?

---

टूलरूमकाका · १४ जुलै, सकाळी ६:४०

नक्की बघतो. दोघांचं सामानासकट वजन पण लिहा. ओरखडे असलेली नळी बोटाच्या नखानं तपासा. नख अडकलं तर नळी बदलायला हवी.

---

काळीमाती · २६ जुलै, रात्री ९:२०

०.५५ बसल्या. काट्यावर तपासून घेतल्या, एक ०.५५ आणि दुसरी ०.५४ निघाली. प्रीलोड २५, तेलाची पातळी दोन्हीकडे १३०. सॅग ५६ आणि २४. हँडल आता ओढत नाही. त्याच उतारावर केबल टाय तळापासून १७ वर थांबला. फोर्कतेल दादांच्या सांगण्यावरून उद्या पातळी १२० करून बघणार आहे.

रेवाकाठ ताई, माझ्या ०.४४ च्या दोन्ही स्प्रिंगा पुसून, कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. काकांनी तुमच्यासाठी हिशेब करून दिलाय: प्रीलोड ३४ ठेवला तर तुमचा सॅग ५४ आणि नुसत्या गाडीचा २७ येतो, आणि वेटोळी टेकायला ८ मिमी शिल्लक राहतात. पैसे नकोत. रविवारी सकाळी गॅरेजवर या, स्पेसरचा पाइप तिथेच कापू.

---

रेवाकाठ · २६ जुलै, रात्री ९:४५

येते. येताना कालाकुंडचा कलाकंद आणते, सगळ्यांसाठी. काका, तुम्ही पण या ना, मापपट्टी तुमच्याच हातात हवी.

---

टूलरूमकाका · २७ जुलै, सकाळी ६:३०

आठ वाजता पोहोचतो. वजनकाटा मी आणतो, माझ्याकडचा दोनशे किलोचा आहे. पुढचं चाक त्यावर ठेवू आणि माझे ते ५४ किलो खरे आहेत का तेही बघून घेऊ.